होडीत ठेवलेला फेटा

माझे सासरे माझे सासरे होण्याआधीच मी त्यांचा फेटा समुद्रावर पाठवला होता.

सातवीत शाळेला रामराम ठोकून मी वडूज सोडलं आणि कोकणात एका बंदरावरच्या कौलांच्या वखारीत लागलो. शेठ देवमाणूस! राहायला खोली दिली, वर जेवणाचीही सोय केली. पण एवढ्या लांबच्या पोराला मुलगी देणार कोण? शेवटी माझ्या मामांनी लग्नाची मुलगी असलेले वडूजचेच एक तात्या गाठले. ते म्हणाले, "पोरगं ऱ्हातंय कुठं ते बघू, मगच बोलू."

दोघं एसटीनं कुंभार्ली घाट उतरून आले, तेव्हा मामांचा चेहरा हिरवा होता (घाट त्यांना मानवला नाही). तात्या मात्र गुलाबी फेट्यात ताठ! मी घाबरून सारखा टोपी चाचपत होतो. शेठनी सुट्टी दिली आणि बजावलं, "कड्यावरचा किल्ला दाखव पाहुण्यांना. भरतीच्या आत परत या." मला सुट्टीच्या आनंदात 'परत या' एवढंच लक्षात राहिलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी कोरडी वाळू पसरलेली. तात्या हळहळले, "समुद्र लय आटलाय की रं! तुमच्याकडंबी दुष्काळ व्हय?"

"असतंय असं कधीमधी," मी जाणत्यासारखं म्हणालो. (मी समुद्र पाहिला होता तो वखारीच्या खिडकीतून.)

गडावर वहाणा घालून चढायचं नाही, हा तात्यांचा नेम. बैल सोडलेल्या गाडीसारखी एक होडी वाळूत कलंडली होती. तिच्यात आम्ही सगळ्यांच्या वहाणा ठेवल्या, भाकरी-ठेच्याचं गठुडं ठेवलं आणि मला आणखी शहाणपण सुचलं.

"तात्या, वर वारा लय हाय. फेटा उडून समुद्रात जाईल. हितंच ठिवा, सुखरूप ऱ्हाईल."

तात्यांनी फेटा अलगद उतरवून होडीच्या फळीवर ठेवला!

वर तटबंदी ढासळलेली, दरवाजाची नुसती कमान उरलेली. तिथं बसून तात्यांनी माझी परीक्षा घेतली. आजारी पडलास तर कोण बघतं? पोरीला करमंल का? मी घाम पुसत खरं तेच सांगत गेलो. तात्या खुलले. आता होकार येणार, एवढ्यात ते खाली बघून हसले.

"मामा, ती होडी बघा! तिथल्या नाखव्यानंबी गुलाबी फेटा बांधलाय की!"

मामा डोळे बारीक करून म्हणाले, "बांधणी आपल्या वडूजचीच दिसतीया."

मी तटावरून वाकून खाली पाहिलं. वाळू कुठंच नव्हती!

"आरं, कोयनेच्या धरणाचं दार उघडं ऱ्हायलं का काय?" तात्या ओरडले.

गुडघाभर पाण्यातून आम्ही बाहेर आलो. भरबाजारातून तात्या अनवाणी, डोक्यावर माझी टोपी. ती त्यांच्या मोठ्या डोक्यावर वाटीएवढी दिसत होती! मामा पुटपुटले, "तुझ्या लग्नाचं आता इसर गड्या."

सांजेला होडी आली. नाखवा फेट्यातच उतरला.

"माला वाटलं, माझे होडीला कोणी मान ठेवलान! भाकरीपण खाल्ली. ठेचा मात्र जाळ हो!" असं म्हणून त्यानं फेटा काढायला हात वर नेला. वहाणा त्यानं आणल्याच नव्हत्या. पायताणाचा कसला मान, म्हणून वाटेत पाण्यात सोडून दिल्या होत्या!

मी मान खाली घातली. तात्यांनी नाखव्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या पावनं. मानाचा फेटा परत घेत्यात व्हय? आमच्या घरचा फेटा हितं बांधला गेला, भाकरी खाल्ली गेली. आता सोयरीक ठरायला काय ऱ्हायलं?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरगं खुळं हाय, पर खरं बोलतंय."

माझं लग्न झालं, तेही थाटात! फक्त एक चाल राहिली. नवरदेवाच्या वहाणा मेव्हण्या लपवतात, म्हणून मी मांडवात त्या मुद्दाम लांब काढल्या आणि वाट बघत बसलो. कुणी हातसुद्धा लावला नाही!

"का गं?" मी धाकट्या मेव्हणीला विचारलं.

"आवं दाजी, आमी कशापायी तरास घ्यायचा? तुमी सोताच घालवताय की!"