टपावरचं सिमेंट

ती गाडी मी आलापल्लीच्या एका निवृत्त वनाधिकाऱ्याकडून घेतली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गाडी बारा वर्षांची, इंजिन खोकायचं, मागची एक काच अर्ध्यावरच अडायची. पण रंग असा होता, की मी बाकी काही नीट पाहिलंच नाही. गडद निळा, आणि बारा वर्षांनंतरही त्यात माणसाचं तोंड दिसायचं. साहेबांनी ती सागाच्या फळ्यांच्या शेडमध्ये ठेवली होती, पावसाचा थेंब लागू न देता. किल्ली हातात देताना ते म्हणाले की घुग्घुसला नेताय तर रंगाची आशा सोडा. विकताना जीव तुटतो, म्हणून माणूस असं बोलतो, असं मला वाटलं.

घुग्घुसला मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये हजेरी लिहायचं काम करायचो. आमच्या क्वार्टरच्या एका अंगाला खाण आणि दुसऱ्या अंगाला सिमेंटचा कारखाना. उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा बदलली की धुळीचा रंग बदलायचा, एवढाच काय तो फरक. मी गाडी आणली ती थंडीच्या तोंडावर. रात्री दव पडायचं, दवावर सिमेंटची बारीक धूळ बसायची आणि सकाळचं ऊन लागलं की ती घट्ट व्हायची. आठ दिवसांत माझ्या निळ्या गाडीवर राखाडी पापुद्रा चढला.

मग माझं रोजचं एक काम सुरू झालं. ड्युटीवर जाण्याआधी अर्धा तास गाडी पुसायची. आधी जुनं बनियन घेतलं, मग बायकोची सुती साडी फाडली, मग बाजारातून पिवळं मऊ फडकं आणलं. जोर लावून घासलं की पापुद्रा थोडा निघायचा, थोडा राहायचा. वर्कशॉपमध्ये सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. एकाने रॉकेल सांगितलं, दुसऱ्याने डिझेल. डिझेलने गाडी एक दिवस चकाकली आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ चिकटली. ताडपत्री आणून झाकली, तर ती वाऱ्याने रात्रभर फडफडली आणि तिच्याखालची धूळ रंगावर घासत राहिली. क्वार्टरला लागून पत्र्याची शेड टाकू द्या, असा अर्ज मी कचेरीत दिला. तिथल्या बाबूने तो वाचून परत केला. कॉलनीच्या हद्दीत काहीच उभं करता येत नाही, म्हणाला. गाडी तरी उभी करता येते का, असं विचारावंसं वाटलं.

तीन महिन्यांत आम्ही त्या गाडीत चार वेळा बसलो, हे बायकोने मला मोजून सांगितलं.

त्याच दिवसांत माझी माय आली. माझा बाप लवकर गेला. मायने सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात तलावावर मासोळी धरून आणि धानाच्या रोवण्याला जाऊन मला शिकवलं. साठी उलटली तरी ती पाण्यात उतरायची. धान निघालं की पाच-सहा दिवस माझ्याकडे राहायला यायची. या खेपेला ती सकाळी ओसरीत बसून माझी गाडीशी चाललेली झटापट बघायची.

तिसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती. बायको बाजारात गेलेली. दुपारी तीनच्या सुमारास मी घरी आलो, तर माय पायरीवर बसून नारळाची शेंडी धूत होती. बाजूला टोपल्यात चुलीची राख. गाडीचं बोनेट आणि पुढचं एक दार तिने पितळेचा पाण्याचा गुंड घासावा तसं घासून काढलं होतं. सिमेंटचा कण राहिला नव्हता. आणि निळ्या रंगावर आडव्या-उभ्या पांढुरक्या रेघा उठल्या होत्या. त्यात आता माणसाचंच काय, कशाचंच तोंड दिसत नव्हतं.

माय खूश होती. म्हणाली, "तू रोज फडकं मारून राह्यला, निंघत नोहोतं. मी काढून देल्लं. हात दुखाले लागले म्हणून बाकीचं राह्यलं."

मी काय बोललो ते आजही सगळं लिहिता येत नाही. जे लिहिता येतं ते एवढंच, की तुला कोणी सांगितलं होतं, असं मी तीन वेळा विचारलं, आणि माझ्या घरातल्या कोणत्याही वस्तूला हात लावू नको म्हणालो. मायने राखेचं टोपलं उचलून आत नेलं. माझी बायको बाजारातून आली तेव्हा मी गाडीपाशी उभा होतो आणि माय स्वतःची पिशवी भरत होती. ती अजून तीन दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेली. मी ड्युटीवर होतो. बायकोने तिला बसवून दिलं आणि संध्याकाळी मला फक्त एवढंच सांगितलं की आई गेल्या.

रविवारी मी गाडी चंद्रपूरला नेली. जटपुरा गेटच्या बाहेर एक म्हातारे पेंटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ट्रकपासून जीपपर्यंत सगळं रंगवायचे. मी तक्रारीच्या सुरात सगळी हकीगत सांगितली. चाचांनी ऐकून घेतलं, गाडीवर बादलीभर पाणी ओतलं, बोटांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि बोनेटवर, दारावर, मग दुसऱ्या बाजूच्या दारावर, असा सगळीकडे हळूहळू हात फिरवला. पिशवीतून बारीक खरखर चांगली कळते म्हणाले. मला फिरवायला लावला. ज्या दाराला मायने हात लावला नव्हता, ते सॅंड पेपरसारखं लागत होतं.

मग त्यांनी गाडी उन्हात घ्यायला लावली आणि त्या दुसऱ्या दारावर बोट ठेवलं. "बाबू, माय एक दिवस घासली. ह्या गोल गोल लाईन पाहून राह्यले का? ह्या रोजच्या हायेत."

गोल रेघा सगळ्या गाडीभर होत्या. कोरड्या फडक्याने मी रोज सिमेंटच रंगावर रगडत होतो.

शेवटी त्यांनी एक स्टूल आणलं आणि मला गाडीचा टप वरून बघायला सांगितला. मी ठेंगणा माणूस, टपाच्या मधोमध माझा हात कधी पोचलाच नव्हता. तिथे थंडीभराचं सिमेंट बसून होतं. चाचांनी सिरका, म्हणजे व्हिनेगर, घातलेल्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर बराच वेळ ठेवलं, पुन्हा पुन्हा बदललं, तेव्हा थर सुटला. त्याच्याबरोबर रंगही आला. खालचा लाल प्रायमर उघडा पडला.

बोनेट आणि दार वाचलं. मूळ रंगाचा थर जाड होता, मायच्या रेघा वरवरच्याच निघाल्या. ओला सॅंड पेपर मारून, रबिंग पॉलिश करून चाचांनी दोन दिवसांत त्या घालवल्या. टप मात्र नव्याने रंगवावा लागला. पहिल्यांदा रंगवला त्या दुपारी वावटळ आली आणि ओल्या रंगात काळे कण बसले. घासून पुन्हा रंगवला. चाचांनी जमिनीवर पाणी शिंपडलं, शेडच्या दाराला गोणपाट बांधलं. या खेपेला कण बसले नाहीत, पण निळा जुळला नाही. डब्यात जुळत होता, वाळल्यावर गडद झाला. जुना रंग बारा वर्षांत थोडा उडालेला आहे, नवा कसा जुळणार, चाचा म्हणाले. मी आणखी एकदा करा म्हटलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

निघताना त्यांनी गाडी सांभाळायची रीत समजावली. कोरडं फडकं कधीच लावायचं नाही. दव वाळायच्या आत भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच पुसायचं. महिन्यातून दोनदा मेण. ताडपत्री फेकून द्यायची. सगळं खरं होतं. पण आमच्या कॉलनीत नळ सकाळी पाऊण तास यायचा. त्यात स्वयंपाकाचं, आंघोळीचं, धुण्याचं पाणी. माझ्या दोन बादल्यांवरून रोज भांडण व्हायचं आणि बायकोचं म्हणणं बरोबर असायचं. एक दिवस चुकला की पापुद्रा पुन्हा हजर. मी चिडायचो. कोणावर, ते मला सांगता आलं नसतं. आधी तरी मायवर चिडता येत होतं.

होळीच्या सुमारास मी गाडी घेऊन गावी गेलो. माय तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जाळं दुरुस्त करत बसली होती. मी शेजारी बसलो. चाचांनी काय काय सांगितलं ते सगळं बोललो. रेघा माझ्याच होत्या, तुझ्या निघून गेल्या, टप माझ्यामुळे गेला. तिने सुई चालवत ऐकलं. चल घुग्घुसला, आठ दिवस राहा, मी म्हटलं.

"येईन. पण तुह्या घरी मले आता हात लावाचा भेव वाटते."

ती त्या दिवशी आली नाही. दिवाळीनंतर आली, तीही एस.टी.ने. गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाली. राहिली आठ दिवस. पण प्रत्येक वस्तूला हात लावण्याआधी विचारायची. हा गिलास घेऊ का. हे दार लावू का. झाडू मारू का. माझ्याच मायने माझ्या घरात पाणी प्यायला माझी परवानगी मागावी, आणि मी दर वेळी घे ना माय म्हणावं, असं चाललं. एकदा मी वैतागून म्हणालो की विचारत नको जाऊ. तर मग तिने कशालाच हात लावला नाही.

ते विचारणं सुटायला पुढची दोन वर्षं गेली. तोवर माझी बदली राजुऱ्याला झाली होती आणि गाडी मी एका ठेकेदाराला विकून टाकली होती. त्याने ती पांढरी रंगवून घेतली.