मागच्या सीटवरचे गिअर

माझी दृष्टी हळूहळू गेली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि पन्नाशीला पोचेपर्यंत उजेड आहे की नाही एवढंच कळायचं राहिलं. बँकेतली नोकरी सोडून मी नवी मुंबईत सीवूड्सला दादाकडे राहायला आले. फिरायला जायची सवय होती, तीही सुटली. दिवसभर गॅलरीत रेडिओ ऐकत बसायचं. वहिनीला ते बघवेना. वयाने ती माझ्याएवढीच, इथल्याच खाडीकाठच्या गावातली, लहानपणापासून सायकल दामटणारी. एक दिवस जेवताना तिने दादाला सांगितलं, "दोन शिटांची सायकल आना. ताई मागं बसंल."

दादा तुर्भ्याच्या एका कारखान्यात मशीनं दुरुस्त करतो. असलं काम म्हणजे त्याचा सणच. कुणाची तरी वापरलेली सायकल आणून त्याने ती चालती केली, आणि आम्ही दोघी सकाळच्या पाम बीच रोडवर निघालो. पुढे वहिनी. हँडल, ब्रेक, गिअर, सगळं तिच्याकडे. मागे मी. दोघींची पेडलं एका साखळीने जोडलेली, त्यामुळे तिचे पाय फिरले की माझे फिरणारच.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. वहिनी न सांगता गिअर बदलायची आणि माझे पाय एकदम हवेत फिरायचे, नाहीतर चिखलात रुतल्यासारखे अडायचे.

"अगं, सांग तरी!"

"रस्ता बघू का तुला सांगू?"

त्यात गिअरची तार पुढच्या हँडलपासून मागच्या चाकापर्यंत, ती भलतीच लांब. सारखी सैल पडायची. वहिनीने खटका दाबला की साखळी विचार करायची, मग कुरकुरत दुसऱ्या चक्रावर चढायची.

दादाने दोघींची तक्रार ऐकली आणि काही दिवसांनी मागच्या चाकाशी खटपट करत बसला. साखळीला या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा जो भाग असतो, तो डिरेलर त्याने काढून टाकला. नवा बसवला, त्याच्या पोटात छोटी मोटर आणि पाठीवर काडेपेटीएवढी बॅटरी. तारच नाही. हँडलवरचं बटण दाबलं की निरोप हवेतून जातो आणि मोटर साखळी हलवते. त्याने माझं बोट डिरेलरवर ठेवून बटण दाबलं. 'झिर्र' करून तो बोटाखाली सरकला. मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

"तार नाय, म्हंजे बटन कुठं पन लागंल?" वहिनीने विचारलं.

"कुठेही."

"मग ताईच्या हँडलला लावा."

मी घाबरले. "मला चढ दिसत नाही गं."

"दिसत नसंल, पन मांड्यांना तर कळंल!"

आणि खरंच कळायला लागलं. डावं बटण हलक्या गिअरचं, उजवं जडचं. पुलाचा चढ डोळ्यांच्या आधी पायांत येतो. वहिनी दमली की तिच्याकडचा जोर पेडलमधून कमी होतो, तेही मला कळायचं. मी बटण दाबायची आणि पुढून तिचा 'हां!' असा सुस्कारा यायचा. भांडायला कारणच उरलं नाही.

मग आम्हाला चेव आला. एका रविवारी बेलापूरची पारसिक टेकडी चढायची ठरवली. अर्धा चढ झाला आणि मी डावं बटण दाबलं, तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पाय शिशासारखे जड झाले. आम्ही धापा टाकत सायकलवरून उतरलो. बॅटरी संपत आली की लाल दिवा लुकलुकतो म्हणे, पण तो मागच्या चाकापाशी. मला दिसायचा प्रश्नच नाही, आणि वहिनीच्या पाठीला डोळे नाहीत.

सीटखालच्या पिशवीत दादाने जादा बॅटरी ठेवली होती. वहिनी ती घेऊन चाकापाशी बसली. बराच वेळ नुसती खुडबुड.

"काय झालं?"

"चष्मा घरी ऱ्हायला. जवलचं कायच दिसत नाय."

मी खाली बसले. बोटांनी डिरेलर चाचपला, पाठीवरची छोटी कडी उचलली, मेलेली बॅटरी काढली, नवी खाचेत बसवून कडी दाबली. 'टक'. बटण दाबलं, तर 'झिर्र'. वहिनी इतकी हसली की तिला रस्त्याच्या कडेलाच बसावं लागलं. मीही हसत सुटले. बाजूने चालणारे एक आजोबा थांबले आणि "पडलात का?" म्हणून काळजीने विचारू लागले. त्यांना उत्तर देण्याइतकाही श्वास आमच्याकडे नव्हता.

उरलेला चढ मी सगळ्यात हलक्या गिअरवर काढला. वर पोचलो तेव्हा घामेजल्या मानेवर खाडीकडचा वारा लागला. वहिनी मला खालचं सगळं सांगत होती: पूल, पाणी, तिच्या गावाचं देऊळ कुठल्या इमारतींमागे दडलंय ते. मी ऐकत होते, पण खरं म्हणजे माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि कित्येक वर्षांनी मला कडकडून भूक लागली होती.

घरी दादाने विचारलं, "कशी काय चालली?"

"तुमची बहीन चालवते," वहिनी चपला काढत म्हणाली, "मी नुसतं हँडल धरते. आता आदी पोहे टाका, दोघींना बी."