वितीने मोजलेला टेप

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून तिकडे बदली झाली. ऑफिस भाड्याच्या घरात होतं. खुर्च्या थोड्या, नकाशे ढीगभर. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं बांधायचं होतं, आणि कशाला किती विटा, किती वाळू लागेल ते नकाशावरून काढायचं काम माझं. भिंतीचं माप काढताना खिडक्या वजा कराव्या लागतात. मी एकेक खिडकी वजा करायचो आणि जरा वेळ तिच्यातून बाहेर बघत बसायचो. बाहेर अजून काहीच नसायचं. दुपार कशी सरली ते कळायचंही नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. साहेबांनी मला उदगीरकडच्या एका पाझर तलावावर पाठवलं. तिथं रोजगार हमीवर शंभरएक बायामाणसं माती खणत होती. प्रत्येक टोळीने किती माती काढली ते मी मोजायचं आणि मोजमापाच्या वहीत लिहायचं. त्या वहीला आम्ही एमबी म्हणायचो. खड्डा खणताना मधे न खणलेला मातीचा एक खुंट उभा ठेवत, म्हणजे मूळची जमीन किती उंच होती ते कळे. उन्हात ते सगळे खुंट, डोक्यावर वाळलेल्या गवताचा एकेक झुपका घेऊन, हलताहेत असं वाटायचं.

टेप कापडी होता. लातूर ज्यातून फुटला त्या जुन्या जिल्ह्याच्या सामानातून आमच्या वाट्याला आलेला. टेपचं दुसरं टोक धरणारा खलाशी उन्हाने आजारी पडला, म्हणून कामावरल्याच एका बाईला मी बोलावलं. चाळिशीची, उंच, गळ्यात लिंग. मी तिला मावशी म्हणायचो. ती टेपची कडी धरून खड्ड्याच्या पलीकडे उभी राहायची आणि मधल्या झळांमधून मला तिचं नुसतं हिरवं लुगडं दिसायचं.

आठवडा झाला असेल. एक दिवस तिने कडी सोडलीच नाही.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा की."

"आमी खड्डा आखताव ते काठीनं. तीन मीटरची काठी मुकादमानं दिल्याली. मंग तुमच्या टेपात तीन मीटर भरत कसं न्हाई?"

"काठी आखूड असेल."

ती खाली बसली, टेप मांडीवर घेतला आणि सुरुवातीपासून विती टाकत तीन मीटरच्या खुणेपर्यंत गेली. मग तिने टेप पार शेवटापर्यंत उलगडला. त्या टोकाचं कापड कधी वापरलंच नसल्यानं कोरं होतं. तिथलेही तीन मीटर तिने वितींनी मोजले.

"बगा. ह्या वापरातल्या टोकाला चार बोटं ज्यादा हायत. रोज हितलंच ताणताव आपण. कापडच हाय ते, वाढणारच."

मी स्वतः विती टाकल्या. माझीही चार बोटं जास्त आली. लांबीत चार बोटं आणि रुंदीतही चार. म्हणजे इतके दिवस हे लोक जास्त खणत होते आणि मी कमी लिहीत होतो. कान तापले माझे.

साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "एमबीत खाडाखोड करायची नाही. पुढच्या मोजणीला नवा टेप घे आणि गप्प बस."

रविवारी नांदेडची एसटी धरली आणि जुन्या ऑफिसातल्या मित्राकडून स्टीलचा टेप मागून आणला. सोमवारी मावशीला घेऊन जुने खड्डे पुन्हा मोजायला लागलो. चार दिवस लागले. खाडाखोड न करता फरक वेगळ्या पानावर लिहिला आणि खाली सही केली. साहेबांनी ते पान पाहिलं. मग त्यांनीही सही केली.

पण जिथले खुंट पाडून बाजूचे खड्डे आधीच एकत्र केले होते, ते खड्डे मोजता आले नाहीत. त्यांतले दोन मावशीच्या जावेचे होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या वहीत न्हाई म्हंजे म्या खणलंच न्हाई का?"

 

काम संपायच्या सुमाराला मावशीने विचारलं, "पाणी कुठवर येईल हो?"

मी नकाशा काढला, हिशेब केला आणि तिला घेऊन तलावाच्या तळातून चालत एका बाभळीपाशी गेलो. माझ्या डोक्याच्याही वर, हात पोचेल तितक्या उंचीवर खोडाला चुन्याची रेघ मारली.

"इतकं?" तिने मान वर करून पाहिलं. मग हातांची ओंजळ करून डोक्यावरून फिरवली. "म्हंजे आता आपण पाण्यात हाव."

बाकीच्या बायाही आल्या. जाऊही आली. कुणी लुगडं घोट्यावर उचललं, कुणी पदर सावरला. कोरड्या ढेकळांवरून सगळ्या पाय जपून टाकत, हसत चालल्या. एकीने नाक धरून डोळे मिटले. बाभळीचा पाला त्यांच्या अंगावर हलत होता आणि क्षणभर मलाही श्वास जपून घ्यावासा वाटला.

दोन वर्षांनी तलाव भरला. मी पाहायला गेलो तेव्हा पाणी रेघेच्या हातभर खाली थांबलं होतं. बाभळीवर दोन बगळे बसलेले. मावशी कुठल्या गावची, ते मी कधी विचारलंच नव्हतं.