चंद्राबाईंचं इंजेक्शन मी का दिलं नाही

मैत्रिणींनो, हा कागद नर्सिंग होस्टेलच्या फळ्यावर मुद्दाम लावते आहे. सकाळपासून माझं डोकं तापलंय.

आज वॉर्डात चाकणकडच्या शेतकरी घरातल्या चंद्राबाई आल्या. पायाची जखम चिघळलेली. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. मी सिरिंज भरून नेली आणि विचारलं, "हे इंजेक्शन आधी कधी घेतलंय?"

"व्हय बाई, गेल्या साली. पेनिसिलिनच म्हनले व्हते डागदर. अंगभर पित्त उठलं, दम कोंडला. मराया टेकले व्हते."

मी सिरिंज खाली ठेवली आणि सिस्टरांना सांगितलं. त्या सगळ्यांसमोर ओरडल्या, "खेड्यातल्या बायका सुईला घाबरून काहीही सांगतात. ऑर्डर आहे, दे!"

"नाही देणार," मी म्हणाले. सरळ जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. बाईंचं ऐकताना त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी पेनिसिलिन खोडलं आणि त्याऐवजी सल्फाच्या गोळ्या लिहिल्या.

बाई वाचल्या. मला काय मिळालं? उलट बोलले म्हणून उद्या सकाळी सिस्टरांची लेखी माफी मागायची!

पिंपरीच्या नव्या कारखान्यात आता पेनिसिलिन तयार होतं, म्हणून ते दिसेल त्याला टोचायचं का? औषधाचं नाव, मात्रा, वेळ आपल्याकडून घोकून घेतात. पेशंटचं ऐकायला कोण शिकवणार?

मी माफी मागणार नाही. जे घडलं तेवढंच लिहून देईन. तेव्हा वॉर्डात तुमच्यापैकी चौघीजणी होत्या. त्या कागदावर माझ्या नावाखाली कोण सही करेल?