चॅपेल अकरा वाजता संपतं

माझा नवरा निखिल टोकियोत तोयोसुला ज्या टॉवरमध्ये काम करतो, तिथल्या दोन लिफ्टमध्ये मावतील एवढीच मुलं आमच्या युनिव्हर्सिटीच्या एका बॅचला असतात. तरीही त्याच्याकडे घरी येऊन सांगण्यासारखं काही नसतं आणि माझ्याकडे रोज काहीतरी साठतं. शनिवारी हिगाशी-कसाईच्या भारतीय वस्तीत कोणाकडे चहाला जमलो की मैत्रिणी पर्स खाली ठेवायच्या आधी विचारतात, "बोल, तुमच्या चर्चवाल्यांचं काय नवीन?"

टोकियोच्या पश्चिमेला एक छोटी ल्यूथरन युनिव्हर्सिटी आहे. पास्टर आणि सोशल वर्कर घडवणारी. तिच्या ऑफिसात मी चार वर्षं आहे. माणसं कमी असली की कोणी काय केलं ते लपत नाही, आणि ऑफिसातली बाई पुण्याची असली की ते विसरलंही जात नाही.

•

माझा इंटरव्ह्यू ऑफिसप्रमुख मोरिता-सान यांनी घेतला. नंतर भानगड नको म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "मी ख्रिश्चन नाही. आमच्याकडे गणपती बसतो."

"मीही नाही," ते म्हणाले. "पण बावीस वर्षं इथली घंटा मीच वाजवतोय. तुम्ही वेळेवर येता का, तेवढं सांगा."

मी "हो" म्हटलं. इतक्या आत्मविश्वासाने मी लग्नातही काही बोलले नव्हते.

•

इकडे भूकंपासाठी ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलाखाली एक हेल्मेट असतं. माझ्या पहिल्याच दिवशी सकाळी दहा चाळीसला घंटा वाजली. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली, खुर्च्या आत सारल्या, दिवे बंद केले आणि एकही शब्द न बोलता रांगेने बाहेर पडले. ही नक्कीच ड्रिल, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी चूक नको म्हणून मी हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि रांगेत शिरले.

रांग गेली थेट चॅपेलमध्ये. समोर क्रॉस, बाजूला ऑर्गन, आणि तिसऱ्या बाकावर पिवळं हेल्मेट घातलेली मी. आमच्याकडे रोज सकाळी वीस मिनिटं सगळं काम थांबतं आणि प्रार्थना होते, हे मला तेव्हा कळलं. पट्टा काढायला गेले तर त्याचा खटका केवढा तरी वाजला, म्हणून तो नाद सोडला. वीस मिनिटांत एकानेही वळून पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या वयस्कर प्रोफेसरांनी फक्त गाण्यांच्या पुस्तकातलं योग्य पान उघडून ते माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मोरिता-सानांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती. "दहा चाळीसची घंटा : चॅपेल. हेल्मेट ऐच्छिक."

•

पान उघडून देणारे ते प्रोफेसर म्हणजे कुरोकी-सेन्सेई. ते हिब्रू शिकवतात आणि गेली दोन वर्षं त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी आहे, हारुका. सेन्सेई तरीही टाय लावून येतात, हजेरीपत्रक उघडतात, "हारुका-सान" अशी हाक मारतात आणि मान वर करून उत्तराची वाट पाहतात. वाट पाहावीच लागते. हारुका बोलताना अडखळते. पहिलाच आवाज तिच्या घशात अडकतो. तिचं "हो" यायला कधीकधी अर्धं मिनिट लागतं, पण तोवर सेन्सेईंचं पेन कागदावर टेकत नाही.

हारुकाला पास्टर व्हायचंय. त्यासाठी शेवटच्या वर्षी चॅपेलमध्ये सगळ्यांसमोर एक पूर्ण प्रवचन द्यावं लागतं, नाहीतर चर्च घेत नाही. दुसऱ्या वर्षी ती सरावासाठी उभी राहिली होती. तीन वाक्यांनंतर कागदांची घडी करून खाली येऊन बसली. तेव्हापासून पुढे काय होणार, हा घोर आम्हा सगळ्यांनाच होता. बोलून कोणीच दाखवत नव्हतं.

एकदा तिला ताप आला. तिने फोन केला, मी निरोप लिहून सेन्सेईंना दिला. तासाभराने त्या वर्गाच्या खिडक्या लावायला गेले, तर हे फळ्यावर हिब्रू क्रियापदं लिहून खुर्चीत बसलेले.

"सेन्सेई, ती आज येणार नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण तास माझाही असतो ना."

•

चॅपेलमध्ये रोज कोणीतरी दहा मिनिटं बोलतं. प्रोफेसर, विद्यार्थी, कँटीनवाल्या बाई, सगळ्यांची पाळी येते. माझीही आली. आठवडाभर आरशासमोर जपानीत घोकंपट्टी केली. आमच्या ईश्वरीने, वय वर्षं आठ, माझे उच्चार दुरुस्त केले आणि "आई, हळू बोल" असं जपानीत बजावलं. प्रत्यक्षात मी एवढी घाबरले की दहा मिनिटांचं भाषण चार मिनिटांत संपवून जागेवर येऊन बसले.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? कार्यक्रम सहा मिनिटं आधी संपवेल. पण चॅपेल अकरा वाजता संपतं, आणि अकराची घंटा मोरिता-सान अकरालाच देतात. सहा मिनिटं सगळे जण हात जुळवून शांत बसून राहिले. धरणी दुभंगली तर बरं, असं मला झालं होतं.

बाहेर पडताना कुरोकी-सेन्सेई थांबले. "देसाई-सान, फार छान झालं," ते म्हणाले. "शेवटची सहा मिनिटं विशेष."

•

शरद ऋतूत आमच्याकडे बाजार भरतो आणि आजूबाजूच्या वस्तीतले आजी-आजोबा हजेरी लावतात. मी कांदाभजीचा स्टॉल टाकला. मदतीला हारुका होती. तळणं माझ्याकडे, गिऱ्हाइकं तिच्याकडे. हा उलटा कारभार तिनेच मागून घेतला होता.

एका आजींनी विचारलं, "हे कशाचं?" हारुकाने तोंड उघडलं. आवाज येईना. मागे पाच-सहा माणसांची रांग, कढईत घाणा, आणि माझा स्वभाव. मी मागूनच ओरडले, "कांद्याचं. तिखट नाही."

आजी पुडी घेऊन गेल्या. संध्याकाळी भांडी घासताना हारुका मला म्हणाली, "दे... देसाई-सान, मी सांगणार होते."

"अगं, रांग होती ना."

"हो. भ...भजी थोडी गार झाली असती."

एवढंच बोलली आणि तिने कढई विसळायला घेतली. मला मनापासून लाज वाटली. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करणं म्हणजे मदत, असं मी चाळीस वर्षं समजत आले होते. घरी जाऊन निखिलला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला ऐकायची सवय आहे." टोमणा रास्त होता.

•

गेल्या जानेवारीत हारुकाच्या प्रवचनाचा दिवस आला. कुरोकी-सेन्सेईंनी तिला आधी सुचवून पाहिलं होतं की प्रवचन लेखी दिलं तरी चालेल, मी चर्चशी बोलेन. ती म्हणाली, "लोक ऐ...ऐकायला येतात, सेन्सेई."

दहा सत्तेचाळीसला ती उभी राहिली. पहिलं वाक्य बाहेर पडायलाच बराच वेळ गेला. विषय होता तिचे ओसाकाचे आजोबा. त्यांना काही आठवत नाही, दिवसभर एकच प्रश्न विचारतात, आणि आजी दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर देते. पुढचा शब्द मला समोर दिसत होता. मी ओठ दाताखाली धरून बसले. पुढच्या बाकावर सेन्सेई वर्गात हजेरी घेताना बसतात तसेच बसले होते.

अकरा वाजले तेव्हा ती निम्म्यावरही आली नव्हती. मोरिता-सान उठून घंटेच्या दोरीपाशी गेले. हारुकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. मोरिता-सानांनी घड्याळ पाहिलं, तिच्या दिशेने मान लववली आणि ते परत येऊन आपल्या जागी बसले.

अकरा पाचला दुसरा तास सुरू व्हायचा होता. ज्यांनी शिकवायचं तेही आत आणि ज्यांनी शिकायचं तेही आत. काही मुलांना साडेअकराला वृद्धाश्रमात प्रॅक्टिकलला पोचायचं होतं, आणि तिथे उशीर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. एकही जण उठला नाही. ती अडकत होती, थांबत होती, पुन्हा तोच शब्द हातात घेत होती. अकरा सत्तावीसला तिने "आमेन" म्हटलं आणि घंटा झाली. मी रडत होते, ते लपवायचं भानही मला नव्हतं.

इकडे ट्रेन लेट झाली की स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो. तो शाळेत किंवा ऑफिसात दाखवला की कोणी जाब विचारत नाही. आम्ही चॅपेलमधून बाहेर आलो, तर दाराशी एक घडीचं टेबल लावून मोरिता-सान उभे होते आणि प्रत्येकाला वाकून, दोन्ही हातांनी, युनिव्हर्सिटीच्या शिक्क्याचा एकेक कागद देत होते. वर लिहिलं होतं, "उशिराचा दाखला." खाली, "उशीर : २७ मिनिटं." त्यातला सत्तावीसचा आकडा तेवढा त्यांनी समोर पेनाने भरला, शाई अजून ओली होती. शेवटच्या ओळीसकट बाकी सगळा मजकूर आधीच छापून ठेवलेला होता.

"कारण : प्रवचन पूर्ण झालं."