फिक्या काठाची नक्षी

फेब्रुवारी १९७९, दुसरा रविवार, सकाळचे दहा. ठिकाण: बसवराजचं सोलापूरचं घर. हजर: बसवराजची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची अव्वा, त्याची बायको शांतावहिनी, किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात त्याच्याबरोबर काम करणारे देसाई, जे त्याची ट्रंक पोचवायला आले होते, आणि मी, चादरींच्या कारखान्यात नक्षीचे कागद आखणारा, त्याचा शाळेपासूनचा मित्र. बसू जाऊन पाच आठवडे झाले होते. झोपेतच गेला. तार हातात पडली तेव्हा मी पहिल्यांदा कागद घेऊन कामांची यादी केली, कारण मला दुसरं काही सुचत नाही. तो असता तर म्हणाला असता, “काय बे यादीवाल्या, रडणं कितव्या नंबरला टाकलंस?”... सातव्या नंबरला होतं, बसू. पण तिसऱ्यालाच उरकलं.

त्याचं काम समजायला मला त्याच्या दोन सुट्ट्या लागल्या. अणुभट्टीच्या मोठ्या थोरल्या भांड्यात इंधनाच्या शेकडो जुड्या उभ्या असतात, त्यांच्या उष्णतेने भोवतालचं पाणी उकळतं आणि त्या वाफेवर वीज होते. अधूनमधून भट्टी बंद करून पार संपलेल्या जुड्या काढायच्या, नव्या घालायच्या आणि अर्ध्या वापरलेल्यांच्या जागा बदलायच्या. कुठली जुडी कुठे बसवायची, एवढंच बसूचं काम. पण त्याच्यावरच तेवढ्याच इंधनात भट्टी किती दिवस चालणार ते ठरायचं. इंधन परदेशातून यायचं आणि पुढेही येईल याची खात्री उरली नव्हती. “आहे त्यात जास्त दिवस काढायचे,” तो म्हणायचा, “पगारदाराच्या घरासारखं.”

एका मे महिन्यात आम्ही अव्वाच्या चुलीपाशी भाकरीची वाट बघत बसलो होतो. अव्वा तुराट्या सारत होती. बसू एकदम म्हणाला, “अव्वा, नव्या काड्या सगळ्या एकदम का घालत नाहीस?”

“अय्य, भाकर करपंल की! अर्ध्या जळलेल्यांच्या मदी एक नवी सारायची. तुला हापिसात एवढं बी शिकवलं न्हाय?”

“आता शिकलो,” म्हणत त्याने माझ्या खिशातला यादीचा कागद ओढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चौकटी आखायला लागला. त्या दिवशीची माझी बाजाराची यादी अणुभट्टीखाली गेली आणि घरी मीठ आलं नाही.

त्याचा बेत असा होता. केंद्रात नव्या जुड्या काठाला लावायची रीत होती, म्हणजे मधला भाग फार तापत नाही. बसूचं म्हणणं, काठावरच्या नव्या जुडीचा जोर बाहेर वाया जातो. काठाला पार जुन्या लावा आणि नव्या आत घ्या, पण प्रत्येक नवीभोवती वापरलेल्या ठेवा. वरिष्ठांना मधल्या भागाची भीती वाटत होती. त्यांच्यापुढे मांडायला त्याला मोठं, स्वच्छ, रंगीत चित्र हवं होतं. चौकटींचा मोठा कागद आणि रंग माझ्याकडे होतेच. आकडे त्याने दिले नाहीत, नुसत्या खुणा: लाल म्हणजे नवी, पिवळी अर्धी वापरलेली, राखाडी संपत आलेली.

आणि मी घोटाळा केला. वीस वर्षं चादरी काढलेला माणूस मी. सबंध काठ राखाडी! आमच्याकडे असा काठ काढला तर मालक कागद तोंडावर फेकतील. मला वाटलं, घाईत बसूच्या खुणा चुकल्या. मी काठ मस्त लाल केला, राखाडी आत ढकलला, गुंडाळी करून पाठवली आणि यादीत बरोबरची खूण केली.

बसूने गुंडाळी थेट बैठकीतच उलगडली. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “अहो, ही तर आपली जुनीच रचना. हिच्याविरुद्ध बोलायला आलात ना?” विषय पुढच्या बैठकीवर गेला. तीन वर्षांचं काम माझ्या एका काठाने अडवलं. पुढच्या सुट्टीत बसू दारात उभा राहिला तेव्हा मी मान वर केली नाही.

“काठ कुणी रंगवला बे?”

“मी... फिका दिसत होता रे.”

तो उंबऱ्यावर बसून इतका हसला की शेजारी जमा झाले. “अणुभट्टी काय पलंगावर अंथरायची हाय का?” मग गंभीर होऊन म्हणाला, “आता बरोबरचा काढ. दोन्ही शेजारी लावतो. फरक काय आहे, ते तुझ्या चुकीशिवाय त्यांना दिसणार नाही.” मी रात्रीच्या जेवणाआधी कागद पुरा केला. दोन्ही चित्रं शेजारी लागली, दोन्हींचे हिशेब शेजारी मांडले गेले, आणि पुढच्या वेळी भट्टी बंद होईल तेव्हा काठ त्याच्या पद्धतीने भरून बघायचं ठरलं. त्याचं मला पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: “फिका काठ पास.”

काठ तसा भरला गेला, हे त्याने पाहिलं. भट्टी किती दिवस चालते, हे पाहायला तो राहिला नाही.

त्या रविवारी देसाई चहा घेत हे सांगत होते. अव्वा भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, “माज्या बसूचं जळण पुरलं का?”

देसाईंनी कप खाली ठेवला. “अजून पुरतंय, अव्वा. मागच्या वेळेपेक्षा जास्त दिवस झाले, भट्टी चालूच आहे. बंद होईल तेव्हा मी पत्राने कळवीन.”

“मंग घाई करू नगा,” अव्वा म्हणाली.

बाकीची कामं झाली. ट्रंक उघडली, पुस्तकं देसाईंबरोबर परत गेली, कपडे शांतावहिनींनी लावले. एक नोंद उरली आहे: देसाईंचं पत्र आल्यावर अव्वाला वाचून दाखवणे. रोज पोस्टमन पुढे निघून जातो आणि मी ती नोंद उद्याच्या पानावर उतरवून घेतो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम लांबतंय याचं मला बरं वाटतंय.