अक्काच्या हातातला कापूस

आयुष्यभर मी पत्रे लिहिली. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीतले बंद दिवे, रेशन दुकानातला वजनकाटा, टपाल खात्याचा उशीर, यांतले काहीही मी कलम-पोटकलम दाखवल्यावाचून सोडले नाही. त्या साऱ्या पत्रांतले एकच मागे घ्यावे असे मला वाटते, आणि नेमके तेच मागे घेता येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, विस्मरणाचा आजार जडला. तिला मूलबाळ नाही. काही महिने ती माझ्या घरी होती. पुढे माझ्या गुडघ्यांचे आणि सुनेच्या नोकरीचे कारण सांगून मी तिला चाळीसगावजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा वृद्धाश्रमात ठेवले. दहा-बारा म्हातारी माणसे, दोन मदतनीस बाया आणि ते सारे चालवणारी एक निवृत्त परिचारिका, एवढाच तिथला पसारा.

महिन्याने मी तपासणीला गेलो. भेटीला गेलो असे म्हणणे खोटे ठरेल, कारण पिशवीत मोजपट्टी होती आणि मी स्वतः आखलेला तक्ता होता. न्हाणीतल्या आधाराच्या दांड्याची उंची मोजली, औषधांवरच्या तारखा वाचल्या, वरण चाखले.

"भाऊ, बहिणीला भेटायला आलात की छापा घालायला?" परिचारिकेने दारातून विचारले.

"कारभार नियमात असेल, तर छाप्याला भ्यायचे कारण नाही."

तक्त्यात लिहावे असे फारसे काही सापडले नाही आणि त्यानेच मी चिडलो. मग ओसरीवर गेलो. जेवणानंतर पाच-सहा बाया गोल करून वाती वळत बसल्या होत्या. गावातल्या देवळासाठी लाख वातींचा संकल्प होता. त्यांच्यात अक्काही होती. मला तिने ओळखले नाही, पण बोटांना चिमूटभर राख लावून ती कापसाची वात अशी सरळ ओढत होती की शेजारणीने ती उचलून मला दाखवली.

मी विचारले, "या कामाचा मोबदला मिळतो का? यांची लेखी संमती घेतली आहे का?"

बाया हसल्या. मी हसलो नाही. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या कार्यालयाला पत्र धाडले: सदर संस्थेत आजारी, असहाय वृद्धांकडून विनामोबदला श्रम करून घेतले जातात. ज्येष्ठांसाठीच्या कायद्याचा हवाला दिला. पत्र उत्तम उतरले होते. कार्यालयाने तत्परतेने दखल घेतली. रहिवाशांना कोणतेही काम देऊ नये, असा आदेश संस्थेला गेला. त्याची प्रत मी घरी दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

त्यानंतर दीड महिन्याने गेलो. ओसरी रिकामी होती. बाया आपापल्या खाटांवर होत्या. अक्का भिंतीकडे तोंड करून लुगड्याच्या काठातले धागे उपसत होती. वीतभर काठ उसवला होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला आलेला पाहून म्हणाली, "उना वं वकीलभाऊ! आते काय बंद करानं शे, आमनं बोलनं?"

परिचारिका शांतपणे म्हणाली, "त्यांचे हात रिकामे राहिले की त्यांना भीती वाटते, भाऊ. त्या दिवशी तुम्ही मला विचारले असते, तर सांगितले असते."

मी विचारले नव्हते, कारण मला उत्तर नको होते. मला दोष हवा होता. ती संस्था वाईट ठरली असती, तर बहिणीला परक्या दारी ठेवणारा भाऊ निदान जागरूक तरी ठरला असता. हे मी तोवर कुठल्याही पत्रात लिहिले नव्हते.

तक्रार मागे घेण्यासाठी कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले: आपल्याच तक्रारीनुसार कार्यवाही पूर्ण झाली असून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. भाषा निर्दोष होती. मीही तशीच लिहिली असती.

मग चाळीसगावच्या बाजारातून पिंजलेला कापूस घेऊन गेलो. परिचारिकेने भिंतीवरच्या आदेशाकडे बोट दाखवले. "पाहुण्याने कापूस आणू नये असे त्यात म्हटलेले नाही," मी म्हणालो. तेव्हाही तोंडातून कायदाच निघाला. तिने वाट सोडली.

अक्काच्या तळव्यावर कापूस ठेवला. तिने तो दाबला, हुंगला आणि मला परत दिला.

"हाई काय शे, भाऊ?"

"कापूस, अक्का."

"याना काय करतस?"

मला करून दाखवता येईना. आमच्या घरात जन्मभर वाती वळल्या गेल्या आणि मी एकही वळलेली नव्हती. शेजारची म्हातारी खाटेवरून उतरली आणि तिने माझी बोटे धरली. "आते शिक. तुन्या कायदाना पुस्तकमा हाई लिखेल नही."

त्या दुपारी माझ्याकडून सात वाती झाल्या, साऱ्या वाकड्या. आता मी दर मंगळवारी जातो आणि अक्काच्या खाटेशी बसून वळतो. दुसऱ्या दोघी-तिघी येऊन बसतात. अक्का माझ्या हातांकडे पाहत राहते आणि काठ उसवत राहते. तिचा हात अजून कापसाकडे आलेला नाही.